मागच्या कमानीचे रबर

सिंधूबाई रागावल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. सकाळी दूधवाल्यावर, मग नळावर, मग पेपर उशिरा आला म्हणून पेपरवाल्यावर, आणि कोणीच सापडलं नाही तर रेडिओवर. त्यांच्या आणि माझ्या अंगणात मधे कमरेएवढी भिंत. त्यामुळे त्यांचा राग मला घरबसल्या ऐकू यायचा. खरं सांगते, ज्या दिवशी ऐकू येत नसे त्या दिवशी मी भिंतीवरून डोकावून पाहायची, बाई बरी आहे ना म्हणून.

सौंसरात त्यांना नावानं हाक मारणारी मी एकटीच. बाकी सारं गाव डॉक्टरीणबाई म्हणायचं. यजमान डॉक्टर होते, फार शांत माणूस. दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत. डॉक्टर औषध द्यायचे आणि ह्या बोलणी द्यायच्या. रोगी दोन्ही घेऊन जात.

"कधीपासून ताप हाय?"

"झाले आठ-दहा रोज, बाई."

"मंग एवढे रोज कायची वाट पाहून राहिला होता? वरात काढून आणतीन म्हणून?"

आणि हे बोलता बोलताच त्या माणसापुढे कण्यांची वाटी आदळायच्या. ठेवायच्या नाहीत, आदळायच्या. "खा. उपाशीपोटी गोळी घेशीन तर इथंच पडशीन, मले उचलावं लागन." तो बिचारा खाली मान घालून कण्या खायचा. दुसऱ्या खेपेला तोच माणूस पिशवीभर संत्री घेऊन यायचा आणि त्यावरूनही बोलणी खायचा, की एवढी आंबट कायले आणली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मले समजावू नको, दाखव." नळ दुरुस्त झाला म्हणालात, दाखव. पोराचा पहिला नंबर आला म्हणालात, दाखव. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले तर पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "नवरदेव दाखव."

गाडी होती डॉक्टरांची, जुनी पांढरी ॲम्बेसडर. आसपासच्या खेड्यांत ते तिच्यातून रोगी पाहायला जायचे. मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं दिसतं तेवढं टिकवा, गाडी चालवणं बंद करा. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. पण डॉक्टरांचे हात आणि कान शाबूत होते. नाडी पाहायला डोळे लागत नाहीत, असं ते म्हणायचे. मग त्यांनी सिंधूबाईंनाच गाडी शिकवली. जिनिंगच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर रोज सकाळी ह्यांची शिकवणी चाले. डॉक्टर बाजूला बसून हळू आवाजात सांगायचे आणि बाई मोठ्या आवाजात गाडीला रागवायच्या.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सौंसरात तोवर बाई माणूस मोटार चालवताना कोणी पाहिलं नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, किल्ली पदराच्या गाठीत, आणि पाय अनवाणी. गाडीत बसल्या की आधी चपला काढून मांडीवर ठेवायच्या. मी विचारलं, "चपला कायले काढता वो?" तर म्हणाल्या, "चपलीतून गाडी सांगत नाही मले काही. पायाले समजलं पाहिजे."

आणि पायालाच समजलं त्यांच्या. एका वर्षी पावसाळ्यात त्या मला म्हणाल्या, "कुसुम, गाडी मागून हलून राहिली. मी सरळ नेतो, ते शेपूट भलतीकडं नेते. खड्ड्यात गेली की खट्ट करते." 

पांढुर्ण्याच्या एका मिस्त्र्याला दाखवली. मी बरोबर होते, माझ्या कानांनी ऐकलं. त्यानं गाडीखाली डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. डॉक्टरांकडे पाहून बोलला, ज्यांना तो धड दिसतही नव्हता. "साहेब, गाडी फस्क्लास हाय. चालवणाऱ्याची पकड पाहिजे ना. बाईचा हात हलका राह्यते."

"माहा हात हलका हाय का जड हाय ते पाह्याचं का तुले?" बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांचा दंड धरून गाडीत बसवलं म्हणून मिस्त्री वाचला.

त्यानंतर बोरगावच्या वळणावर व्हायचं ते झालं. समोरून बैलगाडी आली, बाईंनी गाडी बाजूला घेतली, आणि मागचा भाग असा काही सरकला की गाडी तारेचं कुंपण मोडून संत्र्याच्या बागेत. कोणाला लागलं नाही. डॉक्टरांचा चष्मा तेवढा फुटला. पण बातमी आमच्या गल्लीत गाडीच्या आधी पोचली. जो भेटे तो तेच म्हणे, बाईच्या हाती गाडी दिल्यावर आणखी काय होणार. मिशीवाले म्हणत, बिनमिशीचे म्हणत, ज्यांना सायकल धड चालवता येत नव्हती तेही म्हणत. आज इतक्या वर्षांनी हे लिहून राहिले तर माझ्या हाताला राग येतो.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी पांढुर्ण्याहून आप्पाजी आले. आप्पाजी म्हणजे डॉक्टरांचे थोरले भाऊ, कापसाचे व्यापारी, घरातले कर्ते. सिंधूबाईंचे ते भासरे. आता भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही, डोक्यावरून पदर घेऊन आडोशाला राहायचं, हा त्या घरचा रिवाज. साऱ्या जगाला झोडपणारी ही बाई लग्न होऊन आल्यापासून आप्पाजींशी एक शब्द थेट बोललेली नव्हती. काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. तो तिसरा माणूस बहुतेक वेळा मी असायची. भिंतीवरून हाक यायची, "कुसुम, इकडं ये वो," की मी समजायची, पांढुर्णा आला.

आप्पाजी बैठकीत, बाई दाराआड, आणि मी उंबऱ्यावर. दोघांमध्ये चार हात अंतर नसेल.

आप्पाजी मला म्हणाले, "डॉक्टरीणबाईले सांगा, झालं तेवढं पुरे झालं. दसऱ्याले आम्ही गाडीच्या पूजेले येतो तवा मुरली गाडी घेऊन जाईन." मुरली म्हणजे त्यांचा मुलगा, पंचविशीतला, केसांचा कोंबडा काढणारा.

दाराआडून आवाज आला, "त्याइले सांग, दोष गाडीत हाय, माह्या हातात नाही. खट्ट वाजते ते मागच्या कमानीचे रबर गेले म्हणून."

आता हे त्यांनी ऐकलेलंच. तरी मी सांगितलं, "आप्पाजी, त्या म्हणतात रबर गेले."

"त्याइले म्हणा, मिस्त्र्याले जे दिसलं नाही ते तुमाले चुलीपुढून कसं दिसलं?"

दाराआड भांडं आपटलं. ते सांगायची गरज पडली नाही.

डॉक्टर कोपऱ्यात बसून होते. एवढंच म्हणाले, "दादा, डोळे गेले माहे. आता पायही नेता का?" आप्पाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चहा मागितला. बाईंनी चहा दिला. त्या घरात आलेल्याला चहा मिळायचाच. पण त्यात साखर नव्हती, हे मी कपबशा विसळताना पाहिलं.

दसऱ्याला पंधरवडा होता. गाडी गेली तर डॉक्टर अंगणापुरते उरणार आणि बाई स्वयंपाकघरापुरत्या, हे त्या दोघांनाही माहीत होतं. त्याबद्दल एकमेकांशी ते कधी बोलले असतील असं वाटत नाही. बाई दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्यावरच्या ट्रक दुरुस्तीच्या टपरीवर गेल्या आणि लाकडी खोक्यावर जाऊन बसल्या. तिथले लोक आधी हसले, मग लाजले, मग वैतागले. बाई दुपारपर्यंत उठल्या नाहीत. ट्रकची कमान खोलताना, जोडताना सारं पाहिलं. मधेमधे विचारत राहिल्या, आणि उत्तर आलं की म्हणायच्या, "समजावू नको, दाखव." शेवटी टपरीवाल्यांनीच नागपूरहून ॲम्बेसडरचे रबर मागवून दिले. बाई इथून उठल्या तर पुरे, असं त्यांना वाटलं असेल.

मग आमच्या अंगणात, म्हणजे त्यांच्या अंगणात पण भिंत कमरेएवढीच, गाडी मागून उचलली. जॅक लावला, खाली आंब्याचे ओंडके रचले. मी म्हटलं, "पडन वो अंगावर!" त्यांनी गाडीला खांद्यानं धक्का देऊन ओंडके हलतात का ते पाहिलं. हलले नाहीत. मग जुनं गोणपाट अंथरून खाली शिरल्या.

गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची कमान असते. ती जिथं गाडीला जोडते तिथं पिनेभोवती रबराचे जाड बुश असतात, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू नये. एवढं मला तेव्हा समजलं. नट गंजून बसलेले. बाई पान्याला लोंबकळायच्या आणि नटाला अशा शिव्या द्यायच्या की मी पोरींना घरात धाडलं. एक पिन निघायला पूर्ण दुपार गेली. ती निघाली तेव्हा बाईंनी जे बाहेर काढलं ते माझ्या तळहातावर ठेवलं. रबर कसलं ते. सडलेल्या संत्र्यासारखं मऊ, फुगलेलं. बोटानं दाबलं तर काळा चिकट गर हाताला लागला.

बाईंनी ते नाकाशी नेलं. वास घेतला. आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. आरडाओरडा नाही.

"जळकं ऑइल," त्या म्हणाल्या.

मला उमगेना. मग त्यांनी मला कमानीच्या पट्ट्या दाखवल्या. काळ्या कुळकुळीत, थरावर थर. दर दसऱ्याला आप्पाजी पांढुर्ण्याहून यायचे, गाडीला हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, आणि डब्यातून आणलेलं इंजिनाचं जळकं तेल ब्रशानं कमानींना फासायचे. भक्तिभावानं. आमच्याकडे बैलाची शिंगं रंगवतात तसं. गाडीची सेवा झाली म्हणायचे. लोखंडाला ते चालतही असेल. पण तेल लागलं की रबर सडतं. ट्रकवाल्यांनी बाईंना पहिली गोष्ट हीच सांगितली होती, रबराजवळ तेल नेऊ नका, बसवताना साबणाचं पाणी लावा.

"वर्षानुवर्षं यानंच सडवलं," बाई म्हणाल्या, "आन् हात माहा हलका!"

मी म्हटलं, सांगू का त्यांना? "तू नको सांगू," बाई म्हणाल्या. एवढंच.

नवे रबर त्यांनी रिठ्याच्या पाण्यात बुडवून बसवले. डॉक्टर ओट्यावरून विचारायचे, "बसलं का?" आणि ह्या खालून ओरडायच्या, "बसते! न बसून सांगते कोणाले!" मला डॉक्टरांचा चेहरा दिसायचा. त्या पंधरवड्यात तो माणूस एकदाही उदास दिसला नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडी ओंडक्यांवरून उतरवून चाकांवर उभी केली होती. नट अजून हातानंच लावलेले होते, कसलेले नव्हते. त्याचंही कारण होतं. गाडी वर उचललेली असताना नट कसले तर रबर पिळलेलं राहतं आणि वजन आलं की फाटतं. गाडीचं सारं वजन चाकांवर येऊ द्यायचं, दोन-चार वेळा दाबून हलवायची, आणि मग त्या वीतभर फटीत खाली शिरून नट कसायचे. बाई आंघोळ करून, नवं हिरवं लुगडं नेसून, आधी पूजेचं ताट करून मग खाली शिरणार होत्या. तेवढ्यात पांढुर्णा आला.

आप्पाजी पांढऱ्या शुभ्र धोतरात. मुरली पांढऱ्या सफारीत, कडक इस्त्रीचा. आणि आप्पाजींच्या हातात तो डबा आणि ब्रश.

भिंतीवरून हाक आली नाही, तरी मी गेले.

आप्पाजींनी हार घातला, नारळ फोडला, आणि ब्रश डब्यात बुडवून मागच्या चाकाजवळ वाकले. बाई दाराआड होत्या. पदर डोक्यावरून. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, कुसुम, त्याइले सांग.

त्या दाराबाहेर आल्या. अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता तसाच होता, पण मान वर.

"आप्पाजी, ब्रश खाली ठेवा."

आप्पाजी वाकलेले तसेच राहिले. त्यांना वाटलं असेल दुसरंच कोणी बोललं.

"रबर तुमच्या तेलानं सडले. दर साली तुमी सडवले आन् गाव माह्या नावानं बोंबललं. आता नवे बसवले मी. त्याले तेलाचा थेंब लागला तर मी हा डबा तुमच्या धोतरावर रिकामा करीन."

आप्पाजींनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेचा आवाज अंगावर घेतला होता. त्यांनी ब्रश ठेवला. पण कर्ता माणूस, एवढ्यावर थांबतो होय? सावरून माझ्याकडे वळले. माझ्याकडे!

"त्याइले म्हणा, गाडी चांगली झाली हे बेस झालं. मंग तर मुरलीले न्याले हरकत नाही. डॉक्टरसाठी ड्रायव्हर पाहू एखादा."

आता तुम्हीच सांगा. गाडी बिघडली होती तेव्हा बाईनं चालवू नये, कारण गाडी बिघडली. गाडी सुधारली तेव्हाही बाईनं चालवू नये, कारण गाडी सुधारली. मला वाटलं बाई आता खरंच डबा उचलतात. त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. मग ओट्यावरचा पाना आणला आणि किल्लीशेजारी ठेवला.

"नट कसायचे राह्यले आहेत," त्या म्हणाल्या. "खाली झोपूनच कसावं लागते. न कसता फाटकाबाहेर काढली तर मागचं सारं सुटून येईन. ज्याले गाडी न्यायची हाय त्यानं खाली जावं."

मुरलीनं पाना उचलला. वाकला. गाडीखालच्या चिखलाकडे पाहिलं, रात्रीचा पाऊस होता. कमानीवरच्या त्या काळ्या थरांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पँटीकडे पाहिलं. मग बापाकडे. बापानं आभाळाकडे पाहिलं.

"कोण गेलं खाली?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं ना.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग?"

मुरलीनं पाना परत टपावर ठेवला, अगदी हळू, जसा काही तो गरमच होता.

बाईंनी तो घेतला, आणि नव्या हिरव्या लुगड्यानिशी चिखलात आडव्या झाल्या. गोणपाटही घेतलं नाही. आम्हाला फक्त त्यांचे अनवाणी पाय दिसत होते आणि पान्याचा आवाज येत होता, कर्र, कर्र. मधेच खालून ओरडल्या, "मुरली, मागून दाब रे गाडीले! तेवढं तर येते ना?" त्यानं दाबली बिचाऱ्यानं.

बाहेर आल्या तेव्हा पाठीवर सारं काळं. किल्ली उचलली. डॉक्टरांना पुढं बसवलं. आप्पाजींना मागचं दार उघडून म्हणाल्या, "बसा. शेपूट तिथंच हलते, तिथून नीट समजन."

आणि ते बसले! मीही बसले, मला कोण सोडतं. बाईंनी चपला काढून मांडीवर ठेवल्या. बोरगावच्या वळणावर गाडी अशी वळली जशी सुई कापडातून जाते. मागं ना खट्ट, ना काही. डॉक्टर पुढं एकटेच हसत होते. मी आप्पाजींकडे पाहत होते, आता तरी काही बोलतील म्हणून.

ते खिडकीबाहेर पाहून मला म्हणाले, "रस्ता बरा केला वाटते सरकारनं."

इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं ते सांगायला पाहिजे. डॉक्टर पुढं दोन-तीन वर्षांत गेले. तोवर बाईंनी त्यांना खेडोपाडी फिरवलं, उन्हातान्हात. डॉक्टर गेल्यावर सुतकाच्या दिवसांत बाई घरात कोपऱ्यात बसलेल्या, बाहेर निघायचं नाही, आणि त्याच दिवसांत मुरली येऊन गाडी घेऊन गेला. किल्ली खुंटीवर होती. फाटक उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मी शेजारी होते. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मी गाडीत बसू देलं नसतं त्याले. हे दिवस पाहून आला." पुढं पांढुर्ण्यात गोदामामागं ती गाडी मी पाहिली, विटांवर टेकवलेली. कमानी काळ्या कुळकुळीत. आप्पाजींनी सेवा सोडली नव्हती.

सिंधूबाईंना मी शेवटचं पाहिलं सौंसरच्या बसस्टँडवर. त्या नागपूरला माहेरच्या घरी कायमच्या चालल्या होत्या. सामान चढवलं, आणि बाई चढल्याच नाहीत. गाडीमागं उभ्या राहून ड्रायव्हरला बोलावू लागल्या. लोक आतून ओरडत होते, चला ना वो बाई.

"मागचे रबर गेले तुह्या गाडीचे," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आत्ता स्टँडात शिरताना आवाज आयकला मी."

ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला, "बाईले समजव रे."

मी डोळे मिटले. आलंच ते.

"मले समजावू नको! दाखव! वाक आन् दाखव!"

त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, तो वाकला. खाली शिरला. बाहेर आला. हात फडक्याला पुसले आणि कंडक्टरला म्हणाला, "हळू नेऊ."

बाई चढल्या. पुढं जागा होती, कोणीतरी सरकलंही. पण त्या थेट मागच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर जाऊन बसल्या. बस हलली तेव्हा मी खिडकीखालून हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. डोकं किंचित कललेलं, कान खाली लावलेला, कपाळाला आठ्या, आणि चपला काढून मांडीवर ठेवलेल्या.